आधी विचारा, काय धरून ठेवलंय: अकरावीत नव्याने आलेल्यांसाठी वायूंचे नियम

लातूरच्या बसस्टँडवर दरवर्षी जून-जुलैत पत्र्याच्या पेट्या आणि गाद्यांच्या वळकट्या उतरतात. मुखेड, गंगाखेड, कळंब, पार किनवटहूनही मुलं अकरावीला येतात. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं विज्ञान इथं एका उन्हाळ्यात इंग्रजी होऊन बसतं, आणि दाब, आकारमान, तापमान ही घरची माणसं परक्या पोशाखात समोर उभी राहतात. मी या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. वायूंच्या धड्याला आलो की दरवर्षी कुणीतरी हेच म्हणतं, "सर, सूत्रं समदी पाठ हायेत, पण कोणतं कुठं लावायचं तेच कळंना."

सूत्रं पाठ आहेत हीच खरी अडचण आहे. बॉईल, चार्ल्स, गे-लुसॅक, ॲव्होगाड्रो अशी चार नावं, चार चौकटी. गणित आलं की पोरगं चारही चौकटी चाचपत बसतं. माझं सांगणं एवढंच की सूत्राला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारा: इथं काय धरून ठेवलंय? भांडं पक्कं आहे म्हणून आकारमान बांधलेलं आहे? वरचं वजन तेवढंच आहे म्हणून दाब बांधलेला आहे? हळूहळू चाललंय म्हणून तापमान खोलीएवढंच राहिलंय? आत-बाहेर वाट नाही म्हणून वायू तेवढाच आहे? हे ठरलं की सूत्र शोधावं लागत नाही.

सामान फार लागत नाही. मेडिकलमधून २० मिलीची एक सिरिंज आणा, सुई नको. एक खोडरबर, पाण्याची लिटरची पातळ प्लास्टिकची बाटली, एक मोठं पातेलं, एक थर्मामीटर आणि किराणा दुकानात असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा. फ्रिज रूमवर नसतो, तेव्हा मेसवाल्या काकूंना विचारा. आमच्या काकू देतात, फक्त बाटलीवर नाव लिहायला लावतात.

डोळ्यांपुढे एवढं आणा

वायूचे रेणू एकमेकांपासून लांब असतात आणि सतत पळत असतात. २७ अंश सेल्सिअसला हवेतला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास वेगानं धावतो. वाटेत कुणी आडवं आलं नसतं तर लातूरहून औशाला तो ४० सेकंदांत पोचला असता. पण पावलोपावली दुसऱ्या रेणूंशी टक्कर होते, त्यामुळे बिचारा खोलीतल्या खोलीतच भरकटत राहतो. हे रेणू भांड्याच्या भिंतीवर आदळतात. त्या आदळण्याचा एकत्रित जोर म्हणजे दाब. तापवलं की वेग वाढतो, जागा कमी केली की भिंतीवर वरचेवर आदळतात, रेणू जास्त भरले की आदळणारेच वाढतात. पुढचं सगळं यातूनच निघतं.

'आदर्श वायू' या शब्दाला बिचकू नका. दोन गोष्टी मानून चालायचं: रेणूला स्वतःला जागा लागत नाही, आणि रेणूंना एकमेकांची ओढ नाही. असा वायू जगात कुठंच नाही. तरी तुमच्या खोलीतली हवा त्याच्या इतकी जवळ वागते की हिशेबात हजारात एकाचाही फरक पडत नाही.

सिरिंज आणि किराणा काटा

दट्ट्या २० च्या खुणेपर्यंत ओढा. काट्यावर खोडरबर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. सिरिंज उभी धरून तोंड रबरावर टेकवा आणि फक्त दट्ट्यावर हाताचा तळवा ठेवून हळूहळू दाबा. नळीला हात लावायचा नाही, ती दाबानंच रबराला चिकटून बसते. काटा १ किलो दाखवेल तिथं थांबा आणि किती मिली उरलं ते वाचा. मग २ किलोला, मग ३ किलोला.

दट्ट्याचं रबर नळीला घासतं, त्यामुळे पहिल्याच झटक्यात आकडे नीट येणार नाहीत. यावर एक साधी युक्ती आहे. एकदा कमीकडून दाबत १ किलोवर या, एकदा जास्त दाबून मग सोडत १ किलोवर या. दोन्ही वेळचे मिली वाचा आणि मधला आकडा धरा. जाताना घर्षण तुमच्या विरुद्ध होतं, येताना तुमच्या बाजूनं, सरासरीत ते बरंचसं कटतं.

साधारण असे आकडे येतात: काहीच न दाबता २०, एक किलोला १५, दोनला १२, तीनला १०. आता उदगीरच्या एका मुलीनं वर्गात काय केलं ते सांगतो. बॉईलचा नियम म्हणतो, तापमान आणि वायू तेवढाच असेल तर दाब गुणिले आकारमान दर वेळी सारखंच यायला हवं. तिनं तो गुणाकार केला: १ × १५ = १५, २ × १२ = २४, ३ × १० = ३०. वही पुढं सरकवून म्हणाली, "सर, बॉईल चुकला."

बॉईल चुकला नव्हता. ती एक गोष्ट मोजायला विसरली होती, आणि ती विसरणं अगदी साहजिक होतं, कारण ती गोष्ट दिसतच नाही. २० मिलीच्या सिरिंजची आतली रुंदी दोन सेंटिमीटरच्या जवळपास असते, म्हणजे दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस सेंटिमीटर. बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ एका किलोच्या वजनाएवढी दाबते. म्हणजे तुम्ही हात लावायच्या आधीच दट्ट्यावर ३ किलो बसलेले आहेत! काट्याला ते दिसत नाहीत, कारण हवा काट्याला चहूबाजूंनी सारखीच दाबते. आता तिचेच आकडे पुन्हा मांडा. ३ × २० = ६०. ४ × १५ = ६०. ५ × १२ = ६०. ६ × १० = ६०.

फळ्यावर हे चार साठ खाली खाली उतरले की वर्ग एकदम गप्प होतो. मला या धड्यातला तोच क्षण आवडतो.

रॉबर्ट बॉईलनं हा नियम १६६२ मध्ये मांडला. एका बाजूनं बंद असलेल्या वाकड्या काचेच्या नळीत तो पारा ओतत गेला आणि अडकलेली हवा किती आक्रसते ते मोजत गेला. त्याच्या तक्त्यातही बाहेरच्या हवेच्या वाट्याचा सुमारे २९ इंच पारा प्रत्येक ओळीत मिळवलेला आहे. तुमचे ३ किलो म्हणजे त्याचे २९ इंच. या एकूण दाबाला निरपेक्ष दाब म्हणतात, आणि वायूच्या प्रत्येक गणितात तोच लागतो.

आपला प्रश्न विचारायचा राहिला. इथं काय धरून ठेवलंय? वायू तेवढाच आहे, कारण रबरानं तोंड बंद आहे. तापमानही तेवढंच, पण एका अटीवर: हळू दाबलं तरच. सायकलला पंपानं भराभर हवा मारा आणि पंपाचं खालचं टोक हातानं बघा, चटका बसतो. घाईनं दाबलेली हवा तापते आणि बॉईलची अट मोडते. म्हणून प्रत्येक वेळी दाबल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबून मगच वाचा.

फ्रिजमधली बाटली

हा प्रयोग एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे जितका झकास होतो तितका मुंबईत होणार नाही. एक तर दुपारी बेचाळीस अंश फुकटात मिळतात, दुसरं म्हणजे हवा कोरडीठाक असते. दमट हवेतली वाफ थंडीत पाणी होऊन बसते आणि हिशेब बिघडवते.

बाटली आतून पूर्ण वाळवा. दुपारी झाकण उघडं ठेवून सावलीत अर्धा तास राहू द्या, म्हणजे आतली हवा बाहेरच्या तापमानाला येईल. थर्मामीटरवर आकडा वाचा आणि झाकण घट्ट लावा. बाटली फ्रिजमध्ये ठेवा, सोबत एका मोठ्या पातेल्यात पाणीही ठेवा. रात्री बाटली काढाल तेव्हा ती गालफडं बसलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसेल. आता तिचं तोंड त्या गार पाण्यात बुडवून, पाण्याखालीच झाकण उघडा. बाटली फुगते आणि पाणी आत ओढून घेते. आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आणा, झाकण लावा, बाहेर काढा, पुसा, तोला. रिकाम्या बाटलीचं वजन वजा केलं की जेवढे ग्रॅम तेवढे मिली पाणी.

समजा दुपार ४२ अंशांची होती, फ्रिज ७ अंशांचा, आणि बाटलीत बरोबर १००० मिली हवा होती. (प्रत्यक्षात काठोकाठ भरून तोललीत तर लिटरची बाटली हजाराच्या थोडी वरच निघते, खरा आकडा तोच घ्या.) आत १११ मिलीच्या जवळपास पाणी यायला हवं. म्हणजे ३५ अंशांच्या घसरणीत हवेनं १११ मिली जागा सोडली. मग पूर्ण १००० मिली सोडायला किती अंश उतरावं लागेल? ३५ × १००० ÷ १११, म्हणजे सुमारे ३१५. बेचाळीसातून ३१५ गेले, उरले उणे २७३.

मेसच्या फ्रिजमधून विश्वाच्या थंडीचा तळ सापडतो तो असा. मान्य आहे, माझ्या वर्गात पहिल्या खेपेला १०५ मिलीच आले आणि उत्तर उणे २९१ निघालं, कारण झाकण उघडताना गडबड झाली आणि बाटलीही पुरती फुगली नव्हती. पण विचार करा, पिण्याच्या पाण्याची बाटली आणि एक पातेलं एवढ्या भांडवलावर फक्त १८ अंशांची चूक!

अचूक आकडा उणे २७३.१५. तिथून मोजायला सुरुवात केली की ते केल्विन. सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे, झालं. सेल्सिअसचा शून्य म्हणजे फक्त पाणी गोठण्याचं ठिकाण. वायूला पाण्याशी काय घेणंदेणं? त्याचा शून्य वेगळा आहे, आणि गुणाकार-भागाकार करायचे तर त्याच्याच शून्यापासून मोजलं पाहिजे. उंची मोजताना एकानं जमिनीपासून आणि दुसऱ्यानं ओट्यापासून मोजून 'हा दुप्पट उंच' म्हणण्यात जसा अर्थ नाही, तसंच हे.

इथं दाब बांधलेला होता: बाटली पातळ, बाहेरची हवा तिला हवी तितकी चेपू शकत होती. वायू तेवढाच. तापमान घटलं, आकारमान त्याच प्रमाणात घटलं. हा चार्ल्सचा नियम. जॅक चार्ल्सनं हे १७८० च्या दशकात पाहिलं, पण छापलं नाही. १८०२ मध्ये गे-लुसॅकनं स्वतःचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि श्रेय चार्ल्सलाही दिलं. चार्ल्सची खरी हौस फुग्यांची. २७ ऑगस्ट १७८३ ला त्यानं पॅरिसमधून हायड्रोजनचा बिनमाणसांचा फुगा सोडला. तो गोनेस नावाच्या खेड्यात उतरला आणि गावकऱ्यांनी काहीतरी भूतपिशाच्च समजून अवजारांनी त्याच्या चिंध्या केल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला मात्र चार्ल्स स्वतःच हायड्रोजनच्या फुग्यात बसून उडाला.

चार्ल्सचा नियम गावाकडे पाहायचा असेल तर जुन्या पद्धतीचा, लोखंडी ड्रम तरंगणारा गोबरगॅस बघा. आमच्या मळ्यात होता. ड्रमचं वजन तेवढंच, म्हणून आतला दाबही तेवढाच. गॅस वाढला की दाब वाढत नाही, ड्रम वर उचलला जातो. शेगडी सुरुवातीला आणि शेवटाला सारख्याच जोरानं जळते ती यामुळेच. फक्त सकाळपेक्षा दुपारी ड्रम वर दिसला की सगळं श्रेय चार्ल्सला देऊ नका. २० चे ४० अंश झाले तरी ३१३ ÷ २९३, म्हणजे सातेक टक्केच वाढ. बाकीचं शेणाचं कर्तृत्व.

चाकूरच्या रस्त्यावरचं टायर

आता निरपेक्ष दाब आणि केल्विन या दोन्ही शिस्ती एकदम लागतात असं उदाहरण. एका मे महिन्यात दुपारी नांदेडहून परत येताना चाकूरजवळ एका पंक्चरच्या दुकानात हवा तपासायला थांबलो. सकाळी ३२ पॉइंट भरून निघालो होतो, गेज ३६ च्या पुढं दाखवत होतं. मी म्हणालो, "चाचा, जास्त झाली, काढा." चाचा म्हणाले, "गाडी तापलीय सर. आता काढली तर उद्या सकाळी कमी भरंल." मी विज्ञानाचा मास्तर, मी कुठं ऐकतो! ३२ वर आणायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गेज लावलं तर २८.

चाचांनी केलेला हिशेब कागदावर असा. टायर फारसं फुगत नाही, म्हणजे आकारमान बांधलेलं. हवा तेवढीच. मग दाब आणि केल्विनमधलं तापमान एकाच प्रमाणात चालतात, हा गे-लुसॅकचा नियम. गेजचा शून्य म्हणजे बाहेरच्या हवेइतका दाब, तेव्हा निरपेक्ष दाबासाठी बाहेरची हवा मिळवायची. समुद्रकाठी ती १४.७ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, पंक्चरवाल्यांचे 'पॉइंट' ते हेच) असते. लातूर पाच-सहाशे मीटर उंचावर असल्यानं इथं जरा कमी, आपण १४ धरू. सकाळी ३० अंशांना ३२ + १४ = ४६. पळून पळून आतली हवा ६० अंशांवर गेली असं समजू: ४६ × ३३३ ÷ ३०३ = साडेपन्नास. त्यातून १४ वजा केले की गेजवर साडेछत्तीस. मी तापलेल्या टायरमधून हवा काढून ४६ वर आणली. ती पुन्हा ३० अंशांवर आली: ४६ × ३०३ ÷ ३३३ = ४२. गेजवर २८.

नवखी मुलं हेच गणित कसं करतात ते बघा. ३० चे ६० झाले, तापमान दुप्पट, म्हणून ३२ चे ६४. असं खरोखर असतं तर मे महिन्यात चाकूर ते लातूर रस्त्यावर फुटक्या टायरांचा सडा पडला असता. काही जण केल्विन करतात पण गेजचाच आकडा वापरतात, त्यांचं उत्तर ३५ च्या आसपास येतं. ही चूक जास्त वाईट, कारण ती पटण्यासारखी दिसते.

हवा तपासायची ती सकाळी, गाडी थंड असताना. आणि पंक्चरवाल्याचं ऐकायचं.

चारही नियम एका ओळीत

१८११ मध्ये ॲव्होगाड्रोनं सांगितलं की सारख्या तापमानाला आणि दाबाला, सारख्या आकारमानात कुठल्याही वायूचे रेणू सारखेच असतात. ऐकायला साधं वाटतं, पण जरा थांबून पाहा. हायड्रोजनचा चिमुकला रेणू आणि कार्बन डायऑक्साईडचा त्याच्या बावीसपट वजनाचा रेणू, दोघांनाही सारखीच जागा! कारण जागा रेणू अडवत नाही, त्याचं पळणं अडवतं.

रेणू मोजायला मोल. एक मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ रेणू, डझनासारखंच, फक्त दांडगं. १८३४ मध्ये क्लापेरॉननं आधीचे नियम एकत्र बांधले आणि त्यातून आजचं रूप आलं: दाब × आकारमान = मोल × आर × तापमान. यातला आर म्हणजे सगळ्या वायूंना एकच असलेला ठरलेला आकडा, स्थिरांक. वर्गात आम्ही 'पीव्ही बरोबर एनआरटी' असं एका दमात म्हणतो.

आरचा आकडा एककांवर ठरतो आणि गुण जातात ते इथंच. आकारमान लिटरमध्ये आणि दाब 'वातावरण' या एककात (समुद्रकाठच्या हवेचा दाब म्हणजे एक वातावरण) असेल तर ०.०८२१. सगळं घनमीटर आणि पास्कलमध्ये असेल तर ८.३१४. गणित वाचल्यावर आधी एककांखाली रेघ मारा, मग आर निवडा.

तुमच्या खोलीवर लावून पाहू. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच: सुमारे २८,३०० लिटर. लातूरचा दाब ०.९४५ वातावरण धरू. सकाळी २७ अंश, म्हणजे ३०० केल्विन. मोल = ०.९४५ × २८,३०० ÷ (०.०८२१ × ३००), उत्तर १०८६ च्या आसपास. हवेच्या एका मोलचं वजन सरासरी २९ ग्रॅम. म्हणजे खोलीत साडेएकतीस किलो हवा! अंदाज विचारला तर मुलं 'पन्नास ग्रॅम' म्हणतात.

दुपारी खोली ४० अंशांवर गेली. आता काय धरून ठेवलंय? खोली तेवढीच, आणि खिडकी उघडी असल्यानं दाबही बाहेरच्या इतकाच. मग मोल कमी व्हायलाच हवेत. तापमान ३१३ घालून पुन्हा मांडा, सुमारे ३०.२ किलो निघतात. सव्वा किलोच्या वर हवा चोरपावलांनी खिडकीतून निघून गेली. इथं बॉईल, चार्ल्स कुणीच एकटे कामाला येत नाहीत, कारण 'वायू तेवढाच' ही त्यांची अटच मोडली आहे.

याच ओळीतून घनता निघते, आणि ती परीक्षेपेक्षा घरात जास्त उपयोगी आहे. दाब आणि तापमान सारखं असेल तर मोलचं वजन जास्त तो वायू जड. हवा २९, प्रोपेन ४४, ब्युटेन ५८. स्वयंपाकाचा गॅस याच दोघांचा, म्हणजे हवेच्या दीड ते दोन पट जड. गळला तर तो जमिनीलगत पसरतो. वास आला तर दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालू-बंद दोन्ही करू नका, रेग्युलेटर बंद करा, आणि नुसती वरची झडप नाही तर दार सताड उघडा. कार्बन डायऑक्साईडही ४४ चाच. म्हणून जुन्या आडात किंवा रिकाम्या केलेल्या गोबरगॅसच्या खड्ड्यात कुणी बेशुद्ध पडलं तर त्याला काढायला मागोमाग उतरायचं नसतं. खाली गेलेला दुसराही तसाच पडतो.

जिथं हे चालत नाही

पुस्तकं आणि क्लासच्या नोट्स गे-लुसॅकच्या नियमाला हमखास प्रेशर कुकरचं उदाहरण देतात: भांडं बंद, तापमान वाढलं, दाब वाढला. मला हे उदाहरण अजिबात पटत नाही. हिशेब करून बघा. १०० अंशांचे १२० झाले, ३९३ ÷ ३७३, म्हणजे पाच टक्के वाढ. पाच टक्क्यांनी शिट्टी उचलली जाईल का? प्रत्यक्षात कुकरमधला निरपेक्ष दाब जवळजवळ दुप्पट होतो. कारण आत पाणी आहे, आणि तापेल तशी नवी वाफ भर घालत राहते. वायू 'तेवढाच' राहत नाही. पहिल्या प्रश्नालाच गाडी अडते.

सिलिंडरचंही तसंच. कोविडच्या दिवसांत घराघरांत माहीत झालेला ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर घ्या. आतली जागा सुमारे ४६.७ लिटर, भरलेला दाब १५० बारच्या आसपास (एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरण). बॉईलनं ४६.७ × १५०, साधारण ७००० लिटर. मिनिटाला ५ लिटरनं २३ तास. काटा अर्ध्यावर आला की वेळही अर्धाच उरला. इथं वायू वायूच आहे, म्हणून हिशेब जमतो.

आता तोच हिशेब स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या टाकीला लावा. मोलचं वजन सरासरी ५२ धरलं तर २७३ मोल. टाकीत जागा साधारण ३३ लिटर. ३०० केल्विनला दाब निघतो दोनशे वातावरणांच्या वर! एवढा दाब त्या पत्र्यानं झेलला नसता. प्रत्यक्षात तो दहाच्याही आत असतो, कारण आतला बहुतेक गॅस द्रवच असतो. रेणूंना एकमेकांची ओढ नाही, हे आपण मानलं होतं. इथं ती इतकी आहे की ते एकमेकांना चिकटून पाण्यासारखे वाहू लागतात. व्हॅन डर वाल्सनं १८७३ मध्ये रेणूंची ही ओढ आणि त्यांनी अडवलेली जागा दोन्ही समीकरणात घातली. त्या कामासाठी त्याला १९१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

द्रवाचा थेंब उरेपर्यंत त्याची वाफ दाब जवळपास तसाच राखते. त्यामुळे या टाकीला दाबाचा काटा लावून किती गॅस उरला ते कळत नाही. थंडीत ज्योत मंदावली की काही जण टाकी गरम पाण्याच्या घमेल्यात उभी करतात, ते मुळीच करू नका.

मेसच्या काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बघायचं कसं असतंय ते मी दाखवते." ओला फडका घेऊन त्यांनी टाकीवर वरपासून खालपर्यंत एक पट्टा ओढला आणि पोळ्या लाटायला वळल्या. दोन-तीन मिनिटांनी पट्टा वरून वाळला होता, खाली मात्र ओल तशीच होती, मधे सरळ रेघ. द्रव असतो तिथला पत्रा लवकर तापत नाही, म्हणून तिथली ओल उशिरा वाळते. त्या दिवशी रेघ तळापासून चार बोटं वर होती. काकूंनी वळून पाहिलं आणि पोराला दुसऱ्या टाकीचा नंबर लावायला पाठवलं.